जबड्याला हात लावण्याआधी मान तपासा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"आम्ही निफाड तालुक्यातले. सासूबाई ५४ वर्षांच्या. गेल्या वर्षापर्यंत द्राक्षबागेत दिवसभर उभ्या राहून काम करायच्या. वर्षभरापासून उजव्या मांडीत आणि कंबरेत ठणका आहे, तो बागेतल्या कामाचा समजून सोडून दिला. चार महिन्यांपूर्वी खालच्या जबड्याला डावीकडे सूज आली, दात हलायला लागले. दोन दाढा काढल्या, सूज तशीच. मग तिथला तुकडा तपासायला पाठवला, त्यात 'जायंट सेल लिजन' असं आलं. मांडीच्या एक्स-रेमध्ये हाडात पोकळी दिसली. हाडं ठिसूळ झाली म्हणून तीन आठवड्यांपूर्वी व्हिटॅमिन डीचं ६ लाख युनिटचं इंजेक्शन दिलं आणि कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा सुरू केली. नंतर पेट स्कॅन झालं. जबडा, मांडी, दोन बरगड्या आणि कमरेचं हाड अशा पाच जागा त्यात चमकल्या. आता 'हाडांत पसरलेला कॅन्सर असावा, मूळ सापडत नाही' असं सांगतात. जबड्याचा भाग काढायला पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे. आठवड्यापूर्वीचे रिपोर्ट: कॅल्शियम १२.६, अल्ब्युमिन ३.४, फॉस्फरस २.१, अल्कलाइन फॉस्फटेज ८४०, क्रिॲटिनीन ०.९. इंजेक्शनच्या आधी व्हिटॅमिन डी ११ होतं. बीपीची गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. हा कॅन्सरच आहे का? हाडं पोकळ, मग रक्तात कॅल्शियम जास्त कसं? जबडा कापू द्यावा का? गोळ्या चालू ठेवायच्या का? त्यांना भाकरी चावता येत नाही, महिनाभर दूधभातावर आहेत."

ताई,

तुम्ही आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. या आकड्यांमुळेच एक गोष्ट ठामपणे सांगता येते: पीटीएच नावाची रक्ततपासणी झाल्याशिवाय जबड्याची शस्त्रक्रिया होऊ देऊ नका. पीटीएच म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन. तुमच्या यादीत सगळं आहे, फक्त तेवढं नाही, आणि या सगळ्याचं उत्तर बहुधा त्यातच आहे.

गळ्यात थायरॉइडच्या मागच्या बाजूला तांदळाच्या ते मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. नाव पॅराथायरॉइड असलं तरी थायरॉइडच्या कामाशी त्यांचा संबंध नाही. रक्तातलं कॅल्शियम ठरलेल्या पातळीत, म्हणजे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवणं हे त्यांचं काम. गंगापूर धरण आणि कालवा डोळ्यांसमोर आणा. हाडं म्हणजे धरण, रक्त म्हणजे कालवा आणि ही ग्रंथी म्हणजे दरवाज्यावरचा माणूस. कालव्याची पातळी उतरली की त्यानं दरवाजा थोडा उघडायचा, भरली की बंद करायचा. ग्रंथीत गाठ झाली की हा माणूस पातळी बघेनासा होतो आणि दरवाजा उघडाच राहतो. कालवा ओसंडून वाहतो, धरण मात्र रिकामं होत जातं. हाडं पोकळ आणि रक्तात कॅल्शियम जास्त, या दोन गोष्टी तुम्हाला परस्परविरोधी वाटल्या. प्रत्यक्षात एक दुसरीमुळेच घडते.

जास्तीचं पीटीएच हाड पोखरणाऱ्या पेशींना कामाला लावतं. एखाद्या जागी हे पोखरणं इतकं वाढतं की हाडाची जागा मऊ तंतूंची गाठ घेते. त्या गाठीत सूक्ष्म रक्तस्राव होत राहतो आणि रक्तातल्या लोहामुळे ती तपकिरी दिसते. म्हणून तिला ब्राऊन ट्यूमर म्हणतात. नावात ट्यूमर असलं तरी ही कॅन्सरची गाठ नाही आणि ती पसरतही नाही. पाच ठिकाणी दिसते ती एकीकडून दुसरीकडे गेली म्हणून नव्हे. रक्तातून सगळ्याच हाडांना तोच हुकूम मिळत असतो, म्हणून ती अनेक ठिकाणी एकदमच होते. जबडा, बरगड्या, कमरेचं हाड, मांडी, नडगी, हाताची हाडं या तिच्या नेहमीच्या जागा. पाश्चात्त्य देशांत कॅल्शियम नियमित तपासलं जात असल्यामुळे ग्रंथीच्या गाठीचा हा आजार (प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम) हाडं पोखरली जाण्याआधीच सापडतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा हाडांपर्यंत पोचल्यावरच कळतो, आणि व्हिटॅमिन डीची कमतरता त्यात भर घालते.

आता तुमचे आकडे एकेक करून पाहू.

कॅल्शियम १२.६ लिहिलंय, पण खरा आकडा त्याहून मोठा आहे. रक्तातलं निम्म्याच्या आसपास कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं आणि सासूबाईंचं अल्ब्युमिन कमी आहे. दुरुस्ती अशी करतात: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, उरेल त्याला ०.८ ने गुणा आणि उत्तर कॅल्शियममध्ये मिळवा. ४ वजा ३.४ म्हणजे ०.६, गुणिले ०.८ म्हणजे ०.४८, म्हणून दुरुस्त कॅल्शियम सुमारे १३.१. हा आकडा आठवड्यापूर्वीचा आहे आणि मधल्या काळात कॅल्शियमच्या गोळ्या पोटात गेल्या आहेत. १४ च्या पुढे गेलं तर ती तातडीची अवस्था असते. पुढच्या तपासण्यांची वाट न पाहता उद्याच फिजिशियनना दाखवा आणि कॅल्शियम पुन्हा करून घ्या.

फॉस्फरस २.१ म्हणजे कमी. साधारण पातळी २.५ ते ४.५. पीटीएच वाढलं की मूत्रपिंडं फॉस्फरस लघवीतून बाहेर टाकतात. कॅल्शियम वर आणि फॉस्फरस खाली ही जोडी आमच्या मते तुमच्या कागदांतली सगळ्यात बोलकी खूण आहे. ६ लाखांच्या इंजेक्शनमुळेच कॅल्शियम वाढलं असतं तर फॉस्फरस सहसा असं खाली गेलं नसतं. शिवाय हाडांतल्या पोकळ्या आणि मुतखडा इंजेक्शनच्या आधीपासूनचे आहेत. इंजेक्शननं आजार झाला नाही, पण आगीत तेल पडलं असण्याची शक्यता आहे.

अल्कलाइन फॉस्फटेज ८४०, म्हणजे नेहमीच्या कमाल मर्यादेच्या सहा-सात पट. हाडांत मोडतोड आणि बांधकाम दोन्ही जोरात चालू असल्याची ही खूण. हाडांत पोकळ्या आणि कॅल्शियम जास्त असं दिसलं की डॉक्टरांच्या डोक्यात मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सरही यायला हवा, आणि ते रास्तच आहे. पण मायलोमात अल्कलाइन फॉस्फटेज सहसा वाढत नाही. तरीही सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहणारी तपासणी सोबत करून घ्या, म्हणजे ती शंका कागदावर मिटेल. क्रिॲटिनीन ०.९ आहे, तेव्हा मूत्रपिंडाच्या जुनाट आजारामुळे ग्रंथी वाढल्याची शक्यता बाजूला पडते. (ज्यांच्या घरी डायलिसिसवरचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी: तिथेही असेच ब्राऊन ट्यूमर होऊ शकतात, पण त्यात फॉस्फरस सहसा जास्त असतं आणि उपचाराची वाट वेगळी असते. पुढचा मजकूर जसाच्या तसा त्यांना लावू नये.)

मग बायोप्सी, म्हणजे तुकड्याची तपासणी, चुकली का? नाही. 'जायंट सेल लिजन' म्हणजे मोठ्या पेशींची गाठ. ब्राऊन ट्यूमर, जबड्यातला जायंट सेल ग्रॅन्युलोमा आणि हाडांचा जायंट सेल ट्यूमर हे तिन्ही सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखे दिसतात. फरक काचेवर नाही, रक्ताच्या रिपोर्टात आहे. तुकडा पाठवताना अर्जावर नुसतं 'जबड्याची सूज' लिहिलेलं असेल तर पॅथॉलॉजिस्टला कॅल्शियमचा आकडा कळायला मार्ग नाही. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक, दोन्ही मागून घ्या. त्यावर तुमचा हक्क आहे. ते पुन्हा वाचायला देताना कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि हाडांत पाच ठिकाणी गाठी असल्याचं अर्जावर लिहायला सांगा. पेट स्कॅनचंही तसंच. त्यात किरणोत्सारी साखर वापरतात आणि ज्या पेशी भरपूर साखर खातात त्या चमकतात. हाड पोखरणाऱ्या पेशी खादाड असल्यामुळे ब्राऊन ट्यूमरही चमकतो. हाडांत पाच जागा चमकतात आणि मूळ कॅन्सर शरीरात कुठेच सापडत नाही, तेव्हा 'मूळ लपलंय' म्हणण्याआधी मूळ मानेत आहे का ते बघायचं. अशा पोकळ्या पाहून टीबीची औषधं सुरू झाल्याचीही उदाहरणं असतात. तुम्हाला कुणी तसं सुचवलं तरी पीटीएच आधी.

पीटीएचचा नमुना नीट दिला गेला पाहिजे. हे हार्मोन उष्णतेत लवकर मोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. गावातल्या कलेक्शन सेंटरवर रक्त दिलं आणि ते दुपारच्या उन्हात मोटरसायकलवरून नाशिकला गेलं, तर त्या रिपोर्टावर भिस्त ठेवता येत नाही. चाळीसेक किलोमीटरचा प्रवास पडला तरी चालेल, पण सकाळी नाशिकच्या मुख्य लॅबमध्ये जाऊन रक्त द्या. जांभळ्या टोपणाच्या, म्हणजे ईडीटीएच्या नळीत पीटीएच जास्त टिकतं. त्या लॅबची पद्धत कोणती ते विचारा. त्याच वेळी, त्याच सुईतून कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, मॅग्नेशियम, क्रिॲटिनीन आणि व्हिटॅमिन डीसाठीही रक्त द्या. कॅल्शियम एका दिवशीचं आणि पीटीएच दुसऱ्या दिवशीचं, अशी जोडी लावू नये. दंडाचा पट्टा बराच वेळ आवळून ठेवला तर कॅल्शियम खोटं वाढतं, म्हणून शीर सापडली की पट्टा सैल करायला सांगा. सासूबाई केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर त्या तीन दिवस आधी बंद. बायोटिनमुळे काही यंत्रांवर पीटीएच कमी दिसतं.

रिपोर्ट वाचताना एक सापळा असतो. पीटीएचची साधारण पातळी १५ ते ६५ पिकोग्रॅम छापलेली असते. समजा ५५ आलं, तर कागदावर ते 'नॉर्मल' दिसेल आणि कुणीतरी म्हणेल की ग्रंथी ठीक आहे. ते चूक आहे. कॅल्शियम १३ असताना निरोगी ग्रंथी गप्प बसायला हवी आणि पीटीएच १५-२० च्याही खाली जायला हवं. कॅन्सरमुळे किंवा व्हिटॅमिन डी जास्त झाल्यामुळे कॅल्शियम वाढलं तर नेमकं तसंच होतं. कॅल्शियम जास्त असूनही पीटीएच दबलेलं नसेल, तर दोष ग्रंथीत. हाडांची इतकी पडझड असते तेव्हा पीटीएच बहुधा शेकड्यांत येतं, त्यामुळे सासूबाईंच्या बाबतीत संदिग्धता राहील असं वाटत नाही. आणि ते खरंच दबलेलं आलं, तर आमचा अंदाज चुकला असं समजून कॅन्सरचा शोध लगेच पुढे न्यायचा. त्यात एक दिवसही घालवू नका.

दोन स्वस्त एक्स-रे खूप सांगून जातात. एक, दोन्ही हातांच्या पंजांचा. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांची अंगठ्याकडची कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसली, तर ती या आजाराची खास खूण आहे. दुसरा, जबड्याचा ओपीजी, म्हणजे सगळे दात एकत्र दाखवणारा एक्स-रे. तो दाढा काढताना झालेलाच असेल. दातांच्या मुळांभोवती एक बारीक पांढरी रेघ असते, ती सगळ्याच दातांभोवती पुसट झालीय का ते बघायला सांगा. नुसत्या सुजेजवळ नव्हे, सगळीकडे.

आजपासून काय करायचं? कॅल्शियमच्या गोळ्या बंद, व्हिटॅमिन डीचं पुढचं मोठं इंजेक्शन किंवा आठवड्याची ६० हजारांची पावडर नको. या आजारात व्हिटॅमिन डी कमी असेल तर ते भरून काढतात, पण रोज १०००-२००० युनिट अशा बेतानं, कॅल्शियमवर लक्ष ठेवून. त्यांना ६ लाख एकदम मिळालं आहे, तेव्हा सध्या काहीच नको. दूध, दही, नाचणी मात्र तोडू नका. जेवणातलं नेहमीचं कॅल्शियम बंद केलं तर ग्रंथी आणखी चेकाळते आणि हाडांतून जास्त ओढते. काही चघळायच्या ॲसिडिटीच्या गोळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असतं, घटक वाचून घ्या.

बीपीच्या गोळीची पट्टी आत्ताच काढून बघा. नावाखालच्या बारीक अक्षरांत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलंय का? टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांत हे औषध मिसळून आलेलं असतं आणि ते लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं. असेल तर गोळी आपण होऊन बंद करू नका. डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या. मूड स्थिर ठेवण्यासाठीच्या लिथियमनंही कॅल्शियम वाढतं, ते चालू असेल तर तेही सांगा.

पाणी दिवसाला अडीच ते तीन लिटर, हृदयाचा त्रास नसेल तर. तांब्या मोजून ठेवा, म्हणजे अंदाजावर राहणार नाही. उलट्या सुरू झाल्या, खूप झोप येऊ लागली, बोलणं असंबद्ध झालं, लघवी कमी झाली किंवा छातीत धडधड वाढली, तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या आणि दारातच सांगा: "कॅल्शियम १३ आहे." तिथे आधी सलाइन लावतात आणि ईसीजी काढतात. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी लघवी, उदासपणा आणि चिडचिड हेही याच आजाराचे त्रास. घरात 'वयामुळे', 'कटकट वाढलीय' असं म्हटलं जात असेल तर ते थांबवा. त्यांच्या हातात ते नाही.

कॅन्सर गृहीत धरून कुणी हाडांसाठी दर महिन्याचं झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुचवलं, तर निदान पक्कं होईपर्यंत थांबा. कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर गेलं म्हणून एखादा डोस द्यावा लागणं वेगळं. पण दाढा नुकत्याच काढलेल्या जबड्यात ही औषधं हाड कुजण्याचा धोका वाढवतात, आणि व्हिटॅमिन डी कमी असलेल्या माणसात कॅल्शियम एकदम खाली आणू शकतात. ग्रंथीतल्या गाठीवर त्यांचा उपाय नाही.

मांडीची काळजी आत्ताच घ्यायला हवी. पोकळीनं हाडाची अर्ध्याहून जास्त कड खाल्ली असेल किंवा वजन टाकल्यावर दुखत असेल, तर साध्या ठेचेनंही हाड मोडू शकतं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना नवा एक्स-रे दाखवून एवढंच विचारा: "हे हाड आत्ता मोडायच्या बेतात आहे का?" असेल तर आत सळई घालून आधार देतात. नसेल तर हाडाला हात लावायची गरज नाही, फक्त वॉकर वापरायचा. उकिडवं बसणं बंद, शौचाला कमोडची खुर्ची, जमिनीवर मांडी घालून जेवण नको, घरातली पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवायच्या, रात्री मोरीचा दिवा चालू. मोटरसायकलवर मागे बसवून बागेतल्या रस्त्यानं नेऊ नका.

पीटीएच वाढलेलं आलं की शोध दोन पायऱ्यांत: मानेची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी औषधानं ग्रंथी दाखवणारं), शक्य असेल तर स्पेक्ट-सीटीसह, म्हणजे त्रिमितीय चित्रासह. स्कॅनचं काम गाठ कुठे आहे ते सर्जनला दाखवण्यापुरतं आहे, निदान रक्तानंच होतं. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून आजार नाही असं होत नाही. कधी ही ग्रंथी छातीच्या वरच्या भागात जाऊन बसलेली असते. हे स्कॅन वाचणाऱ्याला हाडांच्या गाठींबद्दल आधीच सांगा, कारण त्यातही ब्राऊन ट्यूमर चमकू शकतात. गळ्यातल्या गाठीत सुई घालून तपासणी करू असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. क्वचित, शंभरात एकाहूनही कमी जणांत, ही गाठ पॅराथायरॉइडचा कॅन्सर असते आणि सुईनं त्याच्या पेशी आजूबाजूला सांडू शकतात. कॅल्शियम १३ च्या वर आहे, म्हणून ती शक्यता सर्जनच्या मनात असायला हवी. तशी शंका आली तर गाठ न फोडता, आजूबाजूच्या भागासह अखंड काढतात. पोटाची सोनोग्राफी करून नवे मुतखडे आहेत का तेही बघून घ्या.

उपचार म्हणजे बिघडलेली ग्रंथी काढणं. दहापैकी आठ-साडेआठ जणांत एकच ग्रंथी बिघडलेली असते. शस्त्रक्रिया मानेवर, छोट्या चिरेतून होते. पीटीएच रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं, म्हणून काही ठिकाणी गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी टेबलावरच रक्त तपासतात. निम्म्याहून खाली उतरलं की काम झालं समजतात. या शस्त्रक्रियेत यंत्रांपेक्षा हात महत्त्वाचा. सर्जनना सरळ विचारा: "वर्षाला पॅराथायरॉइडच्या किती शस्त्रक्रिया करता?" दहाच्या आत असतील तर दुसरं मत घ्या. थायरॉइडच्या शंभर केल्या असल्या तरी प्रश्न पॅराथायरॉइडचाच विचारायचा. नाशिकमध्ये आधी एन्डोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना गाठा, निदान आणि औषधं तेच जुळवतील. शस्त्रक्रियेसाठी त्यांनी मुंबईला पाठवलं तर जा, पंचवटी एक्स्प्रेस आहेच. खर्चाची अडचण असेल तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात बसते का ते दाखल होण्यापूर्वीच विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

इथे १९२५ सालची एक गोष्ट सांगावीशी वाटते. व्हिएन्नात फेलिक्स मान्डल या सर्जनकडे हाडं पोखरलेला एक ट्राम कंडक्टर होता. हाडं कमजोर आहेत म्हणजे पॅराथायरॉइड कमी पडत असेल, असं समजून त्यांनी आधी त्याच्या शरीरात दुसऱ्या माणसाची पॅराथायरॉइड ग्रंथी बसवली. उपयोग झाला नाही. मग त्याची मान उघडून स्वतःची वाढलेली ग्रंथी काढली आणि हाडं सुधारू लागली. हाडं पोकळ दिसली की कॅल्शियम द्या, हा आजचा विचारही त्याच वळणाचा आहे, आणि सासूबाईंच्या बाबतीत तेच घडलं.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठ दिवस सगळ्यात जपायचे. त्यावर थोडं जास्त लिहितो, कारण घोळ इथेच होतो. दरवाजा एकदम बंद झाला की रिकामं धरण कालव्यातलं पाणी ओढून घेतं. उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम शोषतात. यालाच हंग्री बोन सिंड्रोम म्हणतात. कॅल्शियम सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सगळ्यात खाली जातं. अल्कलाइन फॉस्फटेज जितकं जास्त, तितकी ही भूक मोठी. ८४० म्हणजे भूक मोठीच असणार. म्हणून 'दुसऱ्या दिवशी घरी' असं ऐकून खूश होऊ नका. निदान चार-पाच दिवस रुग्णालयात राहणं आणि सुरुवातीला दिवसातून दोन ते चार वेळा कॅल्शियम तपासणं आवश्यक आहे. सुटी झाल्यावर पहिला आठवडा शक्यतो नाशिकमध्येच, नातेवाइकांकडे राहा.

खुणा ओळखून ठेवा: ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, पोटऱ्यांत गोळे, हाताची बोटं आपोआप आखडून चोचीसारखी होणं. मुंग्या आल्या तर कॅल्शियमच्या दोन गोळ्या चावून द्यायच्या आणि लगेच रक्त तपासायचं. हात आखडला किंवा झटका आला तर थेट कॅज्युअल्टी. तिथे शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. ते दहा-वीस मिनिटांत हळूहळू, ईसीजी बघत द्यायचं असतं, आणि शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते. सुईच्या जागी आग होतेय असं त्या म्हणाल्या तर लगेच सिस्टरना सांगा.

या काळात कॅल्शियम रोज २ ते ४ ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त लागतं. हा आकडा शुद्ध कॅल्शियमचा आहे: १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत शुद्ध कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं, म्हणजे २ ग्रॅमसाठी चार गोळ्या. पट्टीवर कोणता आकडा छापलाय ते बघा, निम्म्याहून कमी डोस जाण्याची चूक इथेच होते. सोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे व्हिटॅमिन डीचं थेट काम करणारं रूप असतं, साध्या व्हिटॅमिन डीच्या गोळीनं हे काम होत नाही. कार्बोनेट जेवणासोबत द्यायचं, कारण त्याला पोटातलं ॲसिड लागतं. पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर ते नीट विरघळत नाही, तेव्हा डॉक्टरांना कॅल्शियम सायट्रेटबद्दल विचारा. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तासांचं अंतर. मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही कॅल्शियम दिलं तरी पातळी चढत नाही, म्हणून तेही तपासायचं. घरी आल्यावर सुरुवातीला आठवड्यातून दोनदा तपासणी, आणि डोस डॉक्टरच कमी करतील. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या की पुन्हा कॅज्युअल्टी.

नंतरचे दोन रिपोर्ट घाबरवतात, ते आधीच सांगून ठेवतो. अल्कलाइन फॉस्फटेज सुरुवातीला आणखी चढू शकतं. हाड बांधलं जातंय. आणि कॅल्शियम ठीक असूनही पीटीएच काही महिने थोडं वर राहू शकतं. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही ते सहा महिन्यांनंतरच्या कॅल्शियमवर ठरवतात.

हाडांचा ठणका बहुतेकांना काही दिवसांत ते आठवड्यांत कमी होतो. पोकळ्या भरायला महिने लागतात, पूर्ण भरायला वर्ष-दोन वर्षंही. एक्स-रेमध्ये काळ्या जागा हळूहळू पांढऱ्या होत जातात. मधेच पेट स्कॅन केलं तर भरणारं हाडही चमकतं, म्हणून ते उगाच करू नका. घरात तुमच्या नवऱ्याचं आणि दिरा-नणंदांचं एकदा साधं कॅल्शियम तपासून घ्या. कुणाला लहान वयात मुतखडे झाले असतील तर नक्कीच, कारण काही घराण्यांत हा आजार वारशानं येतो.

आता जबडा. पुढच्या महिन्यातली तारीख रद्द करायला सांगा. कॅल्शियम १३ असताना भूल देणं हृदयाच्या ठोक्यांसाठीही धोक्याचं आहे, एवढं कारण पुरे. ग्रंथी काढल्यावर जबड्यातली गाठही आपोआप आकसते. सहा महिने ते वर्षभर वाट बघून जेवढी उरेल आणि अडचण करेल, तेवढीच खरवडायची. बाकीची हाडं भरली आणि जबड्याची एकटी गाठ मात्र जशीच्या तशी राहिली किंवा वाढली, तर पुन्हा तपासायला हवी. वारशाच्या एका प्रकारात जबड्यात वेगळीच गाठ असते आणि ती ग्रंथी काढून जात नाही. तोपर्यंत हलणारे दात काढू नका. हाड भरलं की त्यातले काही पुन्हा घट्ट होऊ शकतात.

दूधभातावर महिना काढणं ठीक नाही. भाकरी कुस्करून मुगाच्या वरणात किंवा आमटीत भिजवून द्या, अंड्याची भुर्जी, मऊ शिजवलेली मटकी, ताक, नाचणीची आंबील चालेल. चावताना उजवी बाजू वापरू द्या. काढलेल्या दाढांच्या जागी कवळीचं माप मात्र जबड्याचा आकार स्थिर झाल्यावरच द्या, नाहीतर सूज उतरताच ती सैल होईल आणि हिरडीला घासेल.